बसून आखलेलं घर

मित्रांनो, बसा, पण जरा बेतानं बसा. मी एक जुनी सतरंजी आहे आणि माझी वीण आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. मधोमध खुशाल बसा, कडेला मात्र नको. तिथे पारूबाईनं घातलेले टाके आहेत, आणि ते उसवले तर पुन्हा घालायला ती सध्या इथे नाही. ती कुठे गेली आणि का गेली, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

आधीच सांगते, मी थकले आहे. लोक म्हणतात, सतरंजीला कसला आलाय थकवा, ती तर पडूनच असते. असं म्हणणाऱ्याला एक दिवस जमिनीवर पसरावं आणि त्याच्या अंगावर अख्ख्या तांड्याची बैठक बसवावी, म्हणजे पडून राहण्यातलं सुख त्याला कळेल.

माझा जन्म कळमनुरी तालुक्यात, डोंगरकड्याच्या अलीकडच्या एका लहान गावात झाला. तिथे खाजा मिया नावाचे विणकर होते. त्यांच्या घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सूत ताणलेलं असायचं आणि घरातली माणसं सुताखालून वाकून चुलीकडे जायची. खुर्शीदबी तेव्हा त्यांची नवी सून. ती सुताच्या लडी रंगवायची आणि खाजा मिया लोखंडी पंजानं एकेक धागा ठोकून बसवायचे. माझ्या अंगावर निळे आणि तांबडे पट्टे आहेत. आता दोन्ही मातकट झालेत, तरी उन्हात धरलं तर ओळखू येतात. मी मागावरून उतरले तेव्हा खाजा मियांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बराबर बसली." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती. मला फार बरं वाटलं होतं.

गावाच्या पलीकडे एक मुरमाड माळ आहे आणि माळ ओलांडला की बंजाऱ्यांचा तांडा. तांड्याला लग्नकार्यासाठी, बैठकीसाठी सतरंजी हवी होती. तांड्याचा कारभारी खेमा मला खांद्यावर टाकून घेऊन गेला. तांड्याची वस्तू कारभाऱ्याच्या घरी राहायची, म्हणून मी त्याच्या बायकोच्या, पारूबाईच्या ताब्यात आले. ती तेव्हा तरणीताठी होती. "हिला कुठं ठिवू बाई, घरात मलाच उभं ऱ्हायला जागा न्हाई," असं पुटपुटत तिनं मला आढ्याला टांगलं. पहिल्या दिवसापासून आमचं हे असं आहे. ती माझ्यावर चिडते, आणि मला टाके घालायला दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाही.

पुढे माझ्यावर काय झालं नाही ते विचारा. नवरीला पहिल्यांदा माझ्यावर बसवायचे. श्रावणात तीजेच्या सणाचे गहू टोपल्यांतून उगवले की पोरी माझ्यावर बसून गाणी म्हणायच्या. तांड्याचा न्याय, म्हणजे नसाब, माझ्यावर व्हायचा. भांडणारे दोघं माझ्या दोन टोकांना येऊन बसायचे आणि तंटा मिटला की एकाच तांब्यातून पाणी पिऊन उठायचे. मधल्या वेळात ते नखांनी माझे धागे उपटत असायचे, त्याबद्दल कुणी कधी दंड केला नाही. ईदला खुर्शीदबी शिरखुर्मा घेऊन आली की तीही माझ्यावरच टेकायची आणि हळूच माझी कड चाचपून बघायची. मुलगी सासरी नीट आहे ना, असं बघावं तसं.

मग भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. लाल, चकचकीत, एकात एक बसणाऱ्या. "आता सतरंजीवर कोण बसतंय, गुडघे दुखतात," असं म्हणणाऱ्यांचे गुडघे रातोरात दुखायला लागले. मी आढ्यालाच राहिले. माणसांनी मला सोडलं, उंदरांनी तेवढं सोडलं नाही. खेमा याच दिवसांत वारला. त्याच्या दिवसांना आलेले लोक खुर्च्यांवर बसले आणि पारूबाई एकटी माझ्यावर बसली. त्या दिवशी मला माझ्यापेक्षा तिचं वाईट वाटलं.

आता ऊसतोडीचं सांगते, कारण तिथेच सगळ्याचं मूळ आहे. तांड्यातली बरीचशी घरं दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. पारूबाईचा मुलगा जगन आणि सून मिना मिळून एक कोयता. दोघं फडात गेल्यावर लेकरांना कोण बघणार? म्हणून पारूबाईही ट्रकात, नात शिलाही ट्रकात, आणि अंथरायला मीही. वारंगा फाट्यावर ट्रक भरायचा. भांडी, कोंबड्या, म्हाताऱ्या, तान्ही, सगळं एकावर एक. उतरायचं ते थेट पश्चिमेकडच्या एखाद्या फडाशेजारी. तिथे उसाच्या वाळल्या पाल्याची, पाचटाची कोपी, म्हणजे खोपट. पाचटावर मी आणि माझ्यावर सगळं घर.

कोपीत मला एक गोष्ट कळली. बसलेलं माणूस वेगळं आणि निजलेलं माणूस वेगळं. बसलेलं माणूस पाटाएवढी जागा घेतं. निजलेलं माणूस कूस बदलतं, पाय ताणतं, लेकराला पोटाशी ओढतं, आणि बघता बघता सगळी जागा खाऊन टाकतं. तांड्यात हे कधी कुणाच्या ध्यानात येत नाही. तिथे उन्हाळ्यात माणसं अंगणात बाजेवर निजतात, पावसाळ्यात दाटीवाटीनं निभावून नेतात, आणि थंडीत तर अर्धा तांडा रिकामाच असतो. घर केवढं, असं विचारलं तर तांड्यातला माणूस सांगतो, "इतक्या बैठकीचं." निजण्याच्या मापानं घर सांगताना मी कुणाला ऐकलेलं नाही. पारूबाईला ते माप माहीत होतं, पण फडावरच्या गोष्टी माणसं फडावरच टाकून येतात. आठवायला कुणाला आवडतं?

शिलाचं मात्र मला राहून राहून वाटायचं. पोरगी हुशार. शाळेत जायची, अक्षर छान काढायची, आणि दिवाळी आली की ट्रकात बसायची. होळीला परत यायची तेव्हा वर्ग पुढे गेलेला. तिनं पाचवी तीनदा सुरू केली आणि एकदाही पुरी केली नाही. गेल्या साली मिनाला सेवा झाला. तेव्हापासून शिलाच्या कमरेवर सेवा आणि डोक्यावर पाण्याची कळशी. पारूबाई बघायची आणि गप्प बसायची. दर साली परतीच्या ट्रकात ती म्हणायची, "यंदाचं शेवटचं." आणि पुढच्या साली पुन्हा मला गुंडाळायची. तीही थकली होती. तिचे गुडघे खुर्च्या येण्याआधीपासून दुखत होते.

मागच्या होळीनंतर मात्र तिनं मला आढ्याला टांगलं नाही. काखेत मारलं, गावातल्या मुबश्शीर मास्तरांचं घर गाठलं आणि ओट्यावर मला अंथरून बसली. मुबश्शीर मास्तर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतला तरुण शिक्षक. तांड्यातली पोरं दिवाळीला पटावरून गळतात म्हणून हिंगोलीच्या चकरा मारून त्याच्या चपला झिजल्या होत्या.

"मास्तर," पारूबाई म्हणाली, "गाव आन् तांड्याच्या मधला माळ माह्या वाटणीचा हाय. तिथं कुसळाशिवाय काई येत न्हाई. तुमी घ्या. पर तिथं असं काईतरी करा की लेकरं हितंच ऱ्हातील, खातील, शिकतील. माय-बाप जाऊ देत ऊसाला."

मास्तर म्हणाला, "मावशी, पोरांकडं कोण बघणार?"

"मी हाय की. भाकरी थापीन. सेवाला सांभाळीन, आणिक धाकली असतील त्यांना बी. मला आता त्या ट्रकात चढवत न्हाई बाबा."

म्हणजे बघा, तिच्या मनात दोनच गोष्टी होत्या. शिलाची शाळा सुटू नये, आणि आपल्याला पुन्हा फडावर जावं लागू नये. त्या दोन गोष्टींवर तिनं आपला माळ लावला.

मग ज्या बैठका सुरू झाल्या त्यांनी माझा जीव नकोसा केला. माळावर खुर्च्या नेल्या की वाऱ्यानं उलट्या व्हायच्या, म्हणून पुन्हा माझी आठवण झाली. तांड्याचे नाईक रामसिंग, खुर्शीदबी, तिचा गवंडी मुलगा वासिफ, मुबश्शीर मास्तर, पारूबाई, आणि ज्याला दुपारी झोप येत नाही असा जो कोणी असेल तो. मास्तरचं म्हणणं, घर असं बांधायचं की पुढची पन्नास वर्षं कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. माळाच्याच मातीच्या विटा, पत्र्यावरचं पावसाचं पाणी खालच्या टाक्यात, न्हाणीचं पाणी भोपळ्याच्या वेलांना, दिवे सूर्यावरचे. दिवसा शाळेनंतर पोरांचा अभ्यास, सांजेला मोठ्या बायाबापड्यांनाही शिकवायचं, बियाण्यांची एक कोठी, शिवणाची मशिनं. ऐकायला फार गोड वाटायचं. पण प्रत्येकाचं घोडं कुठेतरी अडायचंच. नाईकांना आधी कमान हवी होती. "कमानीबगर लोकायला कळणार कसं?" कुणाला लग्नाचा हॉल हवा होता. कुणाला म्हशीचं टाकं. एकानं तर क्रिकेटचं मैदान मागितलं आणि तो स्वतः साठीचा होता. वासिफ शेवटी वैतागून म्हणाला, "चाचा, पहिले पाया कुठं खोदू ते सांगा. कमान मंग हवेत बांधतो."

पारूबाई फार बोलायची नाही. माझी एखादी निघालेली दशी बोटाला गुंडाळत बसायची आणि मधूनच म्हणायची, "दिवाळीच्या आत व्हायला पायजे." लोक मान डोलवायचे आणि परत कमानीवर यायचे. नमनालाच घडाभर तेल गेलं.

एक दिवस मास्तरनं विचारलं, "मोठी खोली केवढी करायची, ते तरी ठरवा." रामसिंग नाईक लगेच म्हणाले, "त्यात काय ठरवायचं? सतरंजी आंथरा." तांड्याची रीतच ती. मला माळावर अंथरलं आणि पोरांना बसवलं. मांडीला मांडी लावून पोरं बसली. मग मला उचललं, शेजारी अंथरलं, आणखी पोरं बसवली. असं चारदा केलं तेव्हा तांड्यातलं शेवटचं पोरगंही बसलं आणि वर थोडी जागा उरली. सगळ्यांना आनंद झाला. "मास्तरचं टेबल बी मावतं," नाईक म्हणाले. वासिफनं चुन्याची फक्की आणून माझ्या त्या चारी जागांच्या कडेनं रेघ मारली. पारूबाईनं त्या रेघेला हळद-कुंकू वाहिलं आणि खुर्शीदबीनं गूळ वाटला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या क्षणी मी ओरडले असते. अरे, ही लेकरं इथं बसणार आहेत की राहणार आहेत? पण मला तोंड नाही. माझ्यावर चुना सांडला होता आणि तो झटकायचं सोडून सगळे टाळ्या वाजवत होते. शिकलेला मास्तर टाळ्या वाजवत होता, गवंडी वाजवत होता, आणि कोपीत माझ्यावर इतकी वर्षं काढलेली पारूबाईही वाजवत होती. कुणा एकाला काय म्हणायचं?

उन्हाळाभर माळावर विटा पडल्या. मुरमाची माती चाळायची, थोडं सिमेंट घालायचं, हातदाबाच्या यंत्रात भरून दांड्यावर लोंबकळायचं. दोन पोरं लोंबकळली की एक वीट निघायची. गावातली माणसं सकाळी यायची, तांड्यातली सांजेला. एका संस्थेनं पत्रे दिले. पावसाळ्यात वासिफच्या भिंती चढल्या, मृगानं दगा दिला तरी पुढच्या पावसानं टाकं भरलं, आणि दसऱ्याला न्हाणीमागे भोपळ्याचे वेल पसरले. कमान झाली नाही. घर झालं. छान झालं, खोटं कशाला बोलू. दुपारीसुद्धा आत गारवा असायचा.

दसरा झाल्यावर पारूबाई, शिला आणि तांड्यातल्या बाया मिळून मोठी खोली सारवायला आल्या. जमीन वाळली तशी पारूबाईनं मला अंथरलं आणि "कंबर मोडली गं बाई" म्हणत आडवी झाली. पाय ताणले. शिला सेवाला घेऊन तिच्या कुशीला पडली. ते बघून बाकीची पोरं धावली. कुणी आडवं पडलं, कुणी पाय पसरले, कुणी दुसऱ्याच्या पोटावर डोकं ठेवलं. सगळी हसत होती. आणि मी भरले. इतकीशी पोरं आणि मी पुरती भरले. उरलेली पोरं उभीच होती आणि "आमाला जागा न्हाई, आमाला जागा न्हाई" म्हणून गलका करत होती.

पारूबाईचं हसू हळूहळू ओसरलं. ती उठून बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं, खोलीच्या चारी भिंतींकडे पाहिलं, उभ्या पोरांकडे पाहिलं. मग ती मिनाला म्हणाली, "नाईकांना बलाव. मास्तरला बी. लवकर."

ते आले. पारूबाईनं पोरांना पुन्हा निजवलं. मला उचलून दुसऱ्या जागी अंथरलं, पुन्हा निजवलं. चार जागा संपल्या आणि निम्मी लेकरं भिंतीला टेकून उभी. वासिफनं डोक्याचा रुमाल काढला आणि तोंड पुसलं. मुबश्शीर मास्तर खाली बसला.

"आपण शाळा समजून आखलं," तो म्हणाला. "शाळेत पोरं बसतात."

"आमी बी बैठकच समजलो," रामसिंग नाईक म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

वासिफ म्हणाला, दुसरी खोली बांधता येईल, माती माळभर पडलीय. पण विटा वाळायच्या, पाया, भिंती. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या निघून जातील. ट्रक कुणासाठी थांबत नाही. "पडवीत निजतील काही," कुणी म्हणालं. "पौषात? त्या वाऱ्यात?" पारूबाईनं विचारलं आणि ते तिथंच थांबलं.

त्याच संध्याकाळी माळावर नसाब बसला. माझ्यावरच. कोणती लेकरं ठेवायची आणि कोणती न्यायची, याचा न्याय करायचा होता. असा न्याय माझ्यावर कधी झाला नव्हता. आयांनी आपापली लेकरं मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. नाईक म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणत्यात. दुसरा इलाज न्हाई." मला त्या म्हणीचा राग आला. अंथरूण आयतं मिळालं असेल तर ठीक आहे. ते आपणच आखायचं असेल तर आधी पाय मोजायला नकोत का?

शेवटी ठरलं. शाळेत जाणारी सगळी राहतील, एका कुशीवर निजून का होईना मावतील. दुधाची आणि रांगती लेकरं आयांबरोबर जातील. नाईकांनी लगोलग पुढे जोडलं, "पारूबाईचा माळ हाय. तिचा नातू सेवा ऱ्हाईल. त्याला कोण न्हाई म्हणनार?"

 खरंच कुणी नाही म्हणालं नसतं. जिवनबाई म्हणून एक बाई समोर बसली होती. तिची पोरगी सेवाच्याच वयाची. तिनं पोरीला पदराखाली घेतलं आणि खाली बघायला लागली. पारूबाईला ते दिसलं.

"न्हाई नाईक," पारूबाई म्हणाली. "माळ दिला म्हून माहं लेकरू आत आन् हिचं भाईर? मंग म्या माळ दिला कुठं? तो माह्याच घरात ऱ्हायला की."

जगन मागून पुढे सरकला. तो म्हणाला, "याडी, मंग सेवाला फडावर कोण बघील? मिना तोडायला लागंल. शिलाला न्यावं लागतंय." तांड्यात आईला याडी म्हणतात. जगन वाईट माणूस नाही. त्याला दुसरं काही सुचलं नाही, इतकंच.

शिला माझ्या कडेला बसली होती. तिचं अंग आखडलं, ते मला कळलं. ती म्हणाली, "चालतंय दादी. म्या जाते. पुढच्या साली बघू."

'पुढच्या साली' हे पारूबाईचंच बोलणं होतं. नातीच्या तोंडून ते ऐकलं आणि पारूबाईचा चेहरा उतरला. ती बराच वेळ माझी दशी बोटाला गुंडाळत बसली. ज्यासाठी तिनं सगळं केलं होतं त्यातली एकच गोष्ट आता तिच्या हाताला लागणार होती. शिलाची शाळा, नाहीतर तिचा स्वतःचा विसावा.

"तू न्हाई जायचं," ती शिलाला म्हणाली. "सेवाला घिऊन म्या जाते."

"तुझ्यानं व्हतंय का?" जगन म्हणाला.

"न्हाई व्हत," पारूबाई म्हणाली. "तरी जाते."

 खुर्शीदबी सरकून तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "चुलीची फिकीर तू करू नको. भाकरी मी थापते. माह्या भाकरी जाड व्हतात, पोरं जरा कुरकूर करतील." पारूबाई हसली. मग पदर तोंडाला लावून रडली. मोकळेपणी रडली, सगळ्यांसमोर.

दिवाळी झाली आणि टेम्पो माळाच्या कडेला येऊन लागला. वारंगा फाट्यावर पुढचा ट्रक उभा होता. मी गुंडाळून तयार होते. दर सालचीच सवय. पण पारूबाई मोठ्या खोलीत आली, मला उलगडलं आणि भिंतीपाशी अंथरलं. "तू ऱ्हा हितं," ती म्हणाली. "फडावर म्या पोतं आंथरते. हितं लेकरं जास्त हायेत." माझ्या कडेचे टाके तिनं एकदा बोटानं चाचपले. बाहेर जगननं तिला दोन्ही हातांनी उचलून टेम्पोत चढवलं. तिनं सेवाला मांडीवर घेतलं. शिला धुळीत उभी होती. ती हलली नाही की तिनं हात केला नाही, टेम्पो दिसेनासा होईस्तोवर नुसती उभी राहिली.

तेव्हापासून रोज लेकरं माझ्यावर एका कुशीवर निजतात. एकाला कूस बदलायची झाली की सगळी ओळ बदलते. मी थकते, पण तक्रार नाही. शिला पाचवीत आहे. दिवाळी होऊन गेली, पौष आला, आणि तरी ती पाचवीत आहे. सकाळी ती माझ्यावर बसून मोठ्यानं धडा वाचते आणि खुर्शीदबी चुलीपासून "व्हय, व्हय, पुढं?" म्हणते.

संक्रांत झाल्यावर दुसऱ्या खोलीच्या विटा वाळल्या. वासिफ चुन्याची फक्की घेऊन आला. मुबश्शीर मास्तर मला न्यायला खोलीत आला, क्षणभर माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मला न घेताच बाहेर गेला. मी दारातून बघत होते. त्यानं सगळ्या पोरांना माळावर उन्हात निजायला सांगितलं. पोरं ओळीनं मातीत आडवी झाली. "सरळ निजू नका," तो म्हणाला, "घरी निजता तसं निजा." मग पोरांनी पाय पसरले, हात ताणले, कुणी कुशीवर वळलं, कुणी पालथं पडलं. धाकट्यांसाठी मध्ये मध्ये जागा सोडली. वासिफनं सगळ्यांच्या भोवतीनं रेघ मारली. रेघ कितीतरी मोठी आली.

शिला उठली आणि म्हणाली, "सर, दादीचं राह्यलं."

मास्तरनं जगनच्या मोबाइलवर फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडे वारा होता आणि सेवा रडत होता.

"दादी, नवी खोली आखून राह्यलो. तुही जागा कुठं ठिवू?"

पारूबाईला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. "कसली जागा?"

"निजायची. तू कुठं निजणार?"

पलीकडे तिनं सेवाला थोपटलं असावं, त्याचं रडणं थांबलं. मग ती म्हणाली, "दाराजवळ ठिव गं. म्हाताऱ्या माणसाला राती उठावं लागतंय."

शिला दाराच्या जागेपाशी जाऊन निजली. "दादी माह्यापेक्षा उंच हाय," म्हणून पायाकडे आणखी हातभर जागा सोडायला सांगितली. वासिफनं तिच्याभोवती सावकाश चुना सोडला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूचं कोण ऐकतं? तरी सांगते. उद्या तुम्ही घरं बांधाल, शाळा बांधाल, गावंही वसवाल. भिंती किती, पत्रे किती, ते सगळं विचाराल. पण ज्याच्यासाठी बांधता त्याला आधी मातीत आडवं होऊ द्या आणि विचारा, बाबा, तू निजणार कुठं? पारूबाईला हे उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, आणि तेव्हा ती उसाच्या फडात होती.